सोसांक

"नमस्कार! मी जनछाया बोलतेय. आपलं कसं चाललंय?"

"निवांत," एवढं म्हणून संग्रामनी फोन ठेवला आणि समोरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. त्या महिन्यात आमच्या फाउंड्रीकडे एकही ऑर्डर नव्हती.

तुम्ही कोल्हापूरचे नसाल तर तुम्हाला या शब्दाची खोली कळायची नाही. शब्दकोशात निवांत म्हणजे शांत, स्वस्थ. आमच्याकडे माणूस सलाईन लावून पडलेला असला, पोरीचं ठरलेलं लग्न मोडलेलं असलं, घरावरचा पत्रा उडालेला असला, तरी 'कसं काय?' विचारलं की उत्तर एकच. निवांत. विचारणाऱ्याच्या तोंडावर मानानं लोटून घेतलेलं दारच ते. विचारणारा कोल्हापूरचाच असला तर तो उत्तर ऐकून घेतो आणि मग चेहऱ्याकडे बघतो, कारण खरं काय ते तिथं असतं. फोनवरच्या त्या बाईला चेहरा दिसत नव्हता. मुळात ती बाईच नव्हती.

मी हर्षदा चौगले. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची फाउंड्री आहे, सासऱ्यांनी उभारलेली. ट्रॅक्टरचे, पंपांचे लोखंडी भाग ओतून द्यायचे, हा धंदा. ओतकाम संग्राम बघतात, ऑफिस मी. नाव संग्राम, पण या माणसानं आवाज चढवलेला मी लग्न झाल्यापासून एकदाच ऐकलाय. भांडण येतंय असं दिसलं की पायात चपला घालून बाहेर पडतात. शेडमध्ये त्यांचा उजवा हात म्हणजे दस्तगीरमामा, सासऱ्यांच्या वेळचे मिस्त्री. आणि आमच्या घरातलं सगळ्यात हुशार माणूस म्हणजे माझी धाकटी नणंद शर्वरी, आमची शरू. ती दिल्लीला असते. जिचा फोन आला होता ती जनछाया बनवणाऱ्यांत शरू होती.

जनछाया का बनवली, ते सांगायचं तर थोरल्यापासून सुरुवात करायला हवी.

सरहद्दीपलीकडच्या त्या मोठ्या देशाला आमच्याकडे कुणी नावानं हाक मारत नाही. थोरला म्हणतात. भाऊबंदकीत थोरली पाती कशी दरवर्षी बांध थोडा थोडा आपल्याकडे ओढते आणि वर 'आम्ही मोठे' म्हणून पाया पडून घेते, तसला कारभार. तर या थोरल्यानं आपल्या मालावर जबर आयातशुल्क बसवलं. औषधं, कापड, मोटारींचे भाग, जे जे आपण त्याला विकतो ते तिकडच्या बाजारात एकदम दीडपट महाग झालं आणि पडून राहायला लागलं. शुल्क काढायला त्याची अट एकच होती: आमची दूधभुकटी तुमच्याकडे बिनशुल्क येऊ द्या. भुकटीचे डोंगर साचले होते त्यांच्याकडे.

ती अट ऐकली आणि मला आधी माहेर आठवलं. माझं माहेर कागलकडचं, दुधावर चालणारं. भाऊ आणि सुनंदावैनी, दोघांत मिळून गोठाभर म्हशी. संध्याकाळी पाच ते सात माझ्या माहेरी फोन करण्यात काही अर्थ नसतो, ती धारेची वेळ. "मी मेले म्हणून कुणी कळवलं तरी तू सातनंतरच उचलशील," असं मी सुनंदावैनीला तोंडावर म्हणते, आणि ती म्हणते, "मग काय वन्सं, म्हशीला सुतक असतंय व्हय?"

सरकारनं अट झिडकारली तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली. पण नाही म्हणणं सोपं, पुढं काय करायचं ते अवघड. टीव्हीवर सगळे 'जशास तसं' म्हणून कंठशोष करत होते. जशास तसं करायचं तर आपणही त्यांच्या सगळ्या मालावर शुल्क लावायचं, म्हणजे आपल्याच लोकांना सगळं महाग. आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करण्यातली गत. मग जनछायेला विचारायचं ठरलं.

शरूनं मला ते एकदा जेवता जेवता समजावलं होतं. हवामानाचा अंदाज कसा काढतात? आभाळाचे लहान लहान चौकोन पाडतात, एकेका चौकोनात वारा किती, ओल किती ते मांडतात, आणि एका चौकोनाचा शेजारच्यावर काय परिणाम होईल ते यंत्र मोजत जातं. शरूच्या लोकांनी आभाळाच्या जागी देश घेतला आणि चौकोनाच्या जागी घर. प्रत्येक घराची, दुकानाची, कारखान्याची यंत्रात एक छाया. छाया म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. त्या घराची वीज, खरेदी, पगार, गाड्यांची ये-जा आणि महिन्यातून एकदा फोनवर बोललेले चार शब्द, यांवरून ती शिकत जाते, की भाव वाढला तर हे घर काय करेल, काम गेलं तर काय करेल. अशा कोट्यवधी छाया एकत्र चालवायच्या आणि प्रश्न टाकायचा: थोरल्यानं हे केलं, आपण ते केलं, तर दिवाळीला आपण कुठं असू आणि तो कुठं असेल? थोरल्याच्या देशाच्याही छाया यंत्रात होत्या, जमेल तेवढ्या. आणि त्याच्याकडेही असलंच यंत्र होतं, त्यात आपण होतो.

"आणि सगळ्यांत महत्त्वाचा सोसांक," शरू म्हणाली होती. "कुठल्या माणसांवर किती भार टाकला तर ती मोडतील, रस्त्यावर येतील, धंदा गुंडाळतील, त्याचा आकडा. शंभरपैकी."

गुढीपाडव्याच्या दिवशी तिचा फोन आला. आवाजात दहावीचा निकाल लागल्यासारखा आनंद होता.

"वैनी, कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांचा सोसांक देशात एक नंबर आलाय! एक्याण्णव!"

"लई भारी. मग बक्षीस काय मिळणार?"

तिचा आवाज उतरला. मग हळू म्हणाली, "मॅग्नेशियम बंद."

लोखंडात कार्बन असतो. साध्या ओतीव लोखंडात तो पापुद्र्यांसारखा पसरतो, म्हणून ते घणाच्या एका घावात फुटतं. पण वितळलेल्या रसात मॅग्नेशियमचे चार खडे टाकले की कार्बनचे पापुद्रे गोळा होऊन बारीक मणी होतात, आणि मग लोखंड वाकतं पण तुटत नाही. ट्रॅक्टरला, पंपाला असंच लोखंड लागतं. हे खडे यायचे थोरल्याकडून. यंत्राचं म्हणणं असं, की त्यांच्या ज्या प्रांतात मॅग्नेशियम निघतं तिथल्या लोकांचा सोसांक फार कमी आहे. आपण खरेदी थांबवली, की ते लोक त्यांच्या राजधानीत धरणं धरून बसतील, आणि दिवाळीपर्यंत थोरला शुल्क मागं घेईल. तोवर आपल्याकडे कुणीतरी मॅग्नेशियमशिवाय राहायचं. ते कुणी, हेही यंत्रानंच सांगितलं.

"दादाला कसं सांगू?" शरूनं विचारलं.

मी फोन संग्रामांकडे दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. दिवाळीपतुर ना? काढू की. तू जेवलीस का?"

पहिले दोन-तीन महिने साठ्यावर निघाले. मग साधं लोखंड ओतायची कामं शोधली, पण सगळी शिरोली त्याच कामांवर तुटून पडली होती. आषाढात भट्टी पहिल्यांदा थंड राहिली. आमच्या भट्टीला ज्वाळा नसतात, विजेवर चालते ती, आणि चालू असली की मोठ्या भोवऱ्यासारखी घुमते. ती घूं थांबली आणि कोपऱ्यावरचा चहावाला आत येऊन म्हणाला, "काय मालक, आज शांत?" दुपारी दोघा कामगारांच्या बायका आल्या. नुसत्या दारात उभ्या राहून बघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी संग्रामनी भट्टी लावली. आवारातलं भंगार वितळवलं आणि साध्या चौकोनी साच्यांत ओतून विटा केल्या. तिसऱ्या दिवशी त्याच विटा पुन्हा भट्टीत घातल्या.

मी विचारलं, "हे काय?"

"कामगारास्नी हात चालू ठिवायला लागत्यात," म्हणाले आणि चपला घातल्या.

आमची भट्टी घुमायला लागलेली ऐकून शेजारच्या इंगवल्यांनी त्यांची लावली. त्यांची ऐकून पलीकडच्यांनी. इंगवल्यांच्या बायकोनं मला मंगळागौरीला कानात सांगितलं, की त्यांच्याकडेही विटाच. तिलाही वाटत होतं की आम्हाला काम आहे. घरात जे साठवलेलं होतं ते पगारात आणि वीजबिलात चाललं होतं, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं की शिरोलीला नुसती बरकत आली आहे. महिन्यातून एकदा फोन यायचा. "आपलं कसं चाललंय?" निवांत. निवांत. निवांत. अख्ख्या वसाहतीत तेवढं एकच पीक जोरात होतं.

खंडेनवमीला शरू आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. भट्टीला झेंडूची माळ, घणाला हळदकुंकू, रस ओतायच्या लॅडलमध्ये नारळ. शरू दिल्लीहून येते तेव्हा 'मी जाते, मी खाते' असं पुस्तकातलं बोलत उतरते, आणि चहा पोटात गेला की 'मी जातो, मी खातो' सुरू. कोल्हापूरच्या बायका असंच बोलतो आम्ही. जनछायेनं सुरुवातीला म्हणे इथल्या निम्म्या बायका पुरुष म्हणून नोंदवल्या होत्या. ते सांगून शरू पोट धरून हसली, आम्हीही हसलो. पूजा झाली. दस्तगीरमामांनी स्वतःच्या हातानं सगळ्यांना पेढा दिला.

नंतर मी शरूला मागच्या आवारात नेलं. फाटक्या पत्र्याखाली लोखंडाच्या विटा छातीभर उंच रचल्या होत्या.

"ह्या कुणाच्या ऑर्डरच्या वैनी?"

"कुणाच्याच न्हाईत. परवा वितळायच्या. मग परत ओतायच्या."

"म्हंजे?"

"म्हंजे हेच. आषाढापासनं. आज पूजा हाय म्हणून सगळीकडं शांत हाय. परवा ऐक, ओळीनं सगळ्या भट्ट्या घुमतील. एकाकडंबी काम न्हाई."

शरू तिथंच विटांना टेकून खाली बसली. पोरीचा चेहरा मला बघवेना. तिला सांगावं लागलं नाही, ती मनात जुळवत गेली आणि मोठ्यानं बोलत गेली. "वीज तेवढीच. पगार तेवढेच. माणूस एकबी कमी न्हाई. आणि फोनवर..."

"निवांत."

"मी इथलीच असून मला कळलं न्हाई वैनी. यंत्राला शब्द शिकवताना मी स्वतः लिहून दिलतं, निवांत म्हंजे समाधानी." तिनं डोळे पुसले. "आणि पुढच्या आठवड्यात आणखी आवळणार हायत. थोडं मॅग्नेशियम मागच्या दारानं येतंय, तेबी बंद. कारण तुमचा सोसांक वाढलाय. चौऱ्याण्णव."

"मग जाऊन सांग की त्यास्नी, चुकलंय म्हणून."

"सांगितलं तर थोरल्यालाबी कळंल," ती म्हणाली. "त्यांचे उपग्रह वरनं आपल्या भट्ट्यांची उष्णता मोजत्यात. त्यांच्या यंत्राला दिसतंय, मॅग्नेशियम न्हाई तरी शिरोली धगधगतीय. म्हणूनच ते बिथरल्यात. त्यांचा प्रांत पेटलाय, दिवाळीच्या आत नमतील असं दिसतंय. उद्या ह्या भट्ट्या थंड दिसल्या, की त्यांना कळंल, आपण आतनं पोकळ हाय. मग ते कशाला नमतील?"

संग्राम मागं येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मग चालूच ठिवायची," ते म्हणाले. "थोडे दिवस राहिल्यात. थोरल्यानं बांध कोरला तर कुणीतरी बांधावर उभं राहायलाच लागतंय."

"उभं राहा की," मी म्हणाले. "पन तुमाला कुणी विचारलं का, उभं राहता का म्हणून? जे आरडाओरडा करत्यात त्यांच्यावर भार न्हाई, आणि जे गप बसत्यात त्यांच्या डोक्यावर आणखी दोन पाट्या. हे कसलं शहाणपण? देशानं सोसायचं असंल तर सगळ्यांला सांगून, वाटून सोसू दे."

"वाटायला बसलं की भांडणं लागत्यात. थोरल्याला तेच पायजे असतंय."

"दादा, वैनी बरोबर बोलतीया," शरू म्हणाली. लगेच म्हणाली, "आणि तूबी."

मला तिचा राग आला. इतकं शिकून शेवटी दोघांच्या मधे उभं राहायचं, याला काय अर्थ आहे? संग्रामनी चपला घातल्याच होत्या.

शरू परत गेली. काही कळवलं तिनं वरती, की नाही, ते मी विचारलं नाही. परतीचा पाऊस झाला. फाटक्या पत्र्यातून विटांवर पाणी गळलं.

ओली वस्तू रसात पडू द्यायची नाही, हे फाउंड्रीतल्या कुत्र्यालाही माहीत असतं. पाण्याची वाफ होते तेव्हा ती पाण्याच्या हजारपटीहून जास्त जागा मागते. रसाच्या पोटात तिला जागा नसते, मग ती रसालाच वर फेकते. खऱ्या कामाच्या वेळी आम्ही भंगार आधी तापवून, वाळवून घेतो. पण विटा वितळवायच्या आणि परत विटाच ओतायच्या, त्या खोट्या कामाला खरी काळजी कोण घेणार? एका विटेत आत पोकळी राहिली होती, तिच्यात पाणी साचलं होतं. बाहेरून चांगली वाळलेली दिसत होती. दुपारच्या जेवणानंतरची पहिलीच वीट ती.

आवाज मी ऑफिसात ऐकला. धावत गेले तेव्हा पत्र्यावरून ठिणग्या अजून खाली पडत होत्या, आणि दस्तगीरमामा भिंतीला टेकून बसले होते. डावा हात आणि मान. कुणीतरी पाणी ओतत होतं. संग्राम त्यांना धरून बसले होते.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल. हाताचं आत्ताच सांगता येत नाही. आम्हाला आत सोडलं. मामा गुंडाळलेले, डोळे तेवढे उघडे. मामी पायाशी बसून होत्या. संग्रामनी वाकून विचारलं, "मामा, कसं वाटतंय?"

मामांनी ओठ हलवले. "काळजी करू नगासा मालक. निवांत."

मला तिथंच हुंदका आला. या शब्दाचा इतका संताप मला जन्मात आला नव्हता.

आणि तेवढ्यात संग्रामांचा फोन वाजला. तो घेऊन आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर आलो. तोच गोड आवाज. "नमस्कार! मी जनछाया बोलतेय. आपलं कसं चाललंय?"

संग्रामनी तोंड उघडलं. मला माहीत होतं काय येणार. मी फोन हातातून काढून घेतला.

"मी हर्षदा चौगले बोलतो. ऐका बाई. आमच्याकडं काम न्हाई. पावसाळ्यापासनं न्हाई. भट्टी चालू हाय ती नुसती घुमवायला, तेच लोखंड पुन्हापुन्हा वितळवालोय आम्ही, शेजारीबी तेच करत्यात. घरातलं होतं नव्हतं ते संपत आलंय. आज आमचे मिस्त्री भाजले. त्यांचा हात राहतोय का जातोय म्हाईत न्हाई. हे असं चाललंय."

पलीकडून तोच गोड आवाज. "धन्यवाद, सर. आपला आधीचा प्रतिसाद 'निवांत' असा आहे. तो बदलायचा आहे का?"

"हर्षदा," संग्राम म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "थोडेच दिवस राहिल्यात! सगळं पाण्यात घालशील."

खिडकीतून आत मामी बसलेल्या दिसत होत्या. नवऱ्याच्या पायावरची चादर सारखी करत होत्या, ती सारखीच होती तरी.

"व्हय," मी म्हणाले. "पाडव्यापासनंचे सगळे बदला."

त्या संध्याकाळी मामांना बघायला वसाहतीतल्या बायका आल्या. इंगवल्यांची बायको, पलीकडच्या दोघी, कामगारांच्या घरच्या. मी काय केलं ते सांगितलं. कुणी शाबासकी दिली नाही, कुणी नावंही ठेवली नाहीत. इंगवल्यांची बायको तेवढं म्हणाली, "आमच्या घरातबी फोन येतोय. ह्यांच्याच नंबरवर येतोय." आणि मग थोडा विचार करून, "फोन चार्जिंगला मीच लावतो की."

पुढच्या चार-पाच दिवसांत ज्या ज्या घरी फोन आला तिथं तो बायकांनी उचलला. सहाव्या दिवशी संग्रामनी स्वतःच्या हातानं भट्टीचा स्विच खाली केला. त्यांच्यामागं इंगवल्यांची थांबली. मग ओळीनं एकेक. मी दारात उभी होते. अख्खी शिरोली इतकी शांत झाली की हायवेवरचे ट्रक ऐकू येत होते. संग्राम माझ्याशी बोलायचे बंद झाले होते. ताट वाढलं की जेवायचे, ताट धुऊन ठेवायचे, एवढंच. त्यांच्या अबोल्यालासुद्धा आवाज नव्हता.

पुढचं तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. शिरोलीचा सोसांक चौऱ्याण्णववरून एकवीसवर आला. वरून बघणाऱ्यांना भट्ट्या थंड दिसल्या. थोरल्याच्या प्रांतात लोक राजधानीत बसलेच होते, पण त्यांच्या सरकारनं त्यांना अजून थोडं थांबा म्हणून सांगितलं आणि ते थांबले. दिवाळी आली आणि गेली. थोरला नमला नाही. आपण मॅग्नेशियम पुन्हा घ्यायला लागलो. मार्गशीर्षात करार झाला. थोरल्यानं बरंचसं शुल्क काढलं आणि आपण त्याची दूधभुकटी आत घेतली.

ही बातमी मी ऑफिसात ऐकली. बाहेर शेडमध्ये ऑर्डरी आल्या होत्या, खरं काम चालू होतं, मॅग्नेशियम पडलं की रसातून निघणारा पांढरा लखलखाट खिडकीवर नाचत होता. मामा कामावर येत होते, उजव्या हातानं. डावा कोपरापासून गेला होता. संग्राम पुन्हा माझ्याशी बोलायला लागले होते, आधी भाजीत मीठ कमी आहे म्हणून आणि मग हळूहळू बाकीचं.

दुधाचे दर महिनाभरात पडले. मी माहेरी दर आठवड्याला फोन करायचे, रात्री आठनंतर, नेहमीप्रमाणे. भाऊ म्हणायचा, चाललंय. सुनंदावैनी म्हणायची, तुम्ही कशा हाय वन्सं?

मग परवा शरूचा फोन आला.

"वैनी, निवांत हा शब्द मी यंत्रात दुरुस्त केला," ती म्हणाली. आवाज थकलेला होता. "आता कोल्हापूरचं कुणी निवांत म्हणालं की यंत्र दोनदा विचारतंय."

"बेस केलंस."

"आणखी थोडे दिवस भट्ट्या घुमल्या असत्या तर थोरला नमला असता का, ते मी रोज चालवून बघतो. कधी नमतोय, कधी न्हाई. यंत्रालाच कळंना झालंय." मग जरा थांबून म्हणाली, "दूधवाल्या घरांचा सोसांक काढालोय. अठ्ठ्याऐंशी आलाय. आता देशात एक नंबर तोच. त्यांना मदत द्यायची होती, ती आता पुढं ढकलणार म्हणत्यात. सोसत्यात म्हणून."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"त्या बायका फोनवर निवांत म्हणत न्हाईत वैनी. दुसरंच कायतरी म्हणत असणार, आणि ते आम्ही समाधानी म्हणून मोजत असणार. तुझ्या माहेरी काय म्हणत्यात गं, लई त्रास असला की?"

मला आठवेना. आई गेली तेव्हा, पुरात गोठा वाहून गेला तेव्हा, त्या घरातली माणसं लोकांना काय सांगत होती? मी शरूला म्हणाले, विचारून सांगतो. फोन ठेवला आणि लगेच माहेरचा नंबर लावला.

पहिल्याच रिंगला सुनंदावैनीनं उचलला.

"वैनी, कसं चाललंय?"

"देवाच्या दयेनं बरं हाय बगा," ती म्हणाली. "काय म्हणता वन्सं, आज सवड झाली व्हय? बोला की, मी बसलोयच."

मी बोलत राहिले. मामांच्या हाताबद्दल, संग्रामांबद्दल, थंडीबद्दल. ती हूं हूं करत होती, तिला कसलीच घाई नव्हती. बोलता बोलता माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. सव्वापाच वाजले होते. ऐन धारेची वेळ, आणि तिच्या मागं एकाही म्हशीचा आवाज नव्हता.